नव्या मांजराचे पहिले चौदा दिवस

आज मांजराबद्दल बोलायचं आहे. घरात वाढलेल्या, लाडावलेल्या मांजराबद्दल नव्हे, तर काल-परवा कुणीतरी पार्किंगमधून उचलून तुमच्या हवाली केलेल्या मांजराबद्दल.

आम्ही राहतो द्वारकेत. इथल्या सोसायट्या तुम्ही पाहिल्या असतील. खाली खांबांवरचं पार्किंग, मागे पाइपांची अरुंद बोळ, कोपऱ्यात कचऱ्याची जागा. मांजरीला विण्यासाठी याहून सोयीचं काय असणार? होळीनंतर एकदा आणि पावसाळा सरता सरता पुन्हा एकदा पिल्लं दिसायला लागतात. शिवाय घर बदलताना भाडेकरू मागे सोडून जातात ती मोठी मांजरं वेगळीच. मग कुणीतरी मायाळू माणूस कायमचं घर मिळेपर्यंत त्यांना आपल्याकडे ठेवून घेतो. याला हल्ली फॉस्टर करणं म्हणतात. हे दिल्लीतच घडतं असं नाही. नागपूर, बडोदा, इंदूर, बेळगाव, जिथे फ्लॅट आहेत तिथे हीच कहाणी.

तीन-चार दिवसांनी माझा फोन वाजतो. "कर्नलसाहेब, पलंगाखालून बाहेरच येत नाही." "काका, गादीवर मुतलं." "काल मुलाला चावलं, हिचा स्वभावच असा आहे का?"

स्वभाव हा शब्द पहिले दोन आठवडे तोंडातून काढायचा नाही, एवढंच माझं म्हणणं. या दिवसांत आपल्याला जी खोड वाटते ती पुष्कळदा दुखण्याची खूण असते. दुखणं नसलं तर भीती असते, आणि भीती टिकली तर तीच दुखणं होऊन बसते. फौजेत जवानाला बरं नसलं तर तो सकाळी सिक रिपोर्ट करतो, एमआय रूममध्ये जातो, डॉक्टर बघतो. मांजर सिक रिपोर्ट करत नाही. ते शिकारी आहे खरं, पण आकाराने इतकं लहान की मोठ्या जनावराची शिकारही होऊ शकतं. त्यामुळे दुखणं लपवणं त्याच्या हाडीमाशी आहे.

भीतीचं दुखणं होतं हे मी उगाच म्हणत नाही. अमेरिकेतल्या ओहायो स्टेट विद्यापीठात टोनी बफिंग्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ३२ मांजरांची ७७ आठवडे रोजची नोंद ठेवली. हे काम २०११ साली प्रसिद्ध झालं. काही मांजरांना मूत्राशयाचा जुना विकार होता, बाकीची धडधाकट होती. सांभाळणारा माणूस बदलला किंवा रोजची वेळ चुकली की दोन्ही गटांत एकच प्रकार दिसायचा: खाणं कमी होणं, ट्रे सोडून बाहेर घाण करणं. म्हणजे निरोगी मांजरसुद्धा नुसत्या उलथापालथीने आजाऱ्यासारखं वागतं. तुमच्याकडे आलेल्या मांजराची जागा, माणसं, वास, अन्न, आवाज सगळं एकाच दिवशी बदललेलं असतं.

म्हणून पहिलं काम, एक बंद खोली. डोंगरात पोस्टिंग असताना खेचरांशी माझा संबंध आला. नवं आलेलं खेचर कुणी थेट लायनीत नेऊन बांधत नाही. आधी वेगळं ठेवतात, खाण्यापिण्यावर नजर ठेवतात, मग इतरांत मिसळतात. मांजरालाही तसंच. छोटी खोली नसेल तर दुसरं बाथरूम चालेल. त्यात एका टोकाला खाणं-पाणी, दुसऱ्या टोकाला वाळूचा किंवा लिटरचा ट्रे. जेवणाच्या ताटाशेजारी संडास आपल्याला चालेल का? मग त्यालाही चालत नाही. आणि एक पुठ्ठ्याचा खोका, आडवा ठेवलेला, आत जुनी चादर. हा खोका फार महत्त्वाचा. नेदरलँड्समधल्या उट्रेख्त विद्यापीठाच्या लोकांनी २०१४ साली निवाऱ्यात नव्याने आलेल्या १९ मांजरांवर पाहणी केली. १० जणांना लपायला खोका दिला, ९ जणांना दिला नाही. तिसऱ्या-चौथ्या दिवशीच खोकेवाली मांजरं बरीच शांत झाली होती. बाकीच्यांना त्या ठिकाणी पोहोचायला चौदा दिवसांपर्यंत वेळ लागला. फुकटच्या खोक्यात दहा दिवसांची भीती वाचते. त्यामुळे पलंगाखालून ओढून काढणं, मांडीवर दाबून बसवणं, शेजाऱ्यापाजाऱ्यांना बोलावून दाखवणं, हे सगळं बंद. तुम्ही खोलीत जमिनीवर बसा आणि पुस्तक वाचा. मांजराने पाहिलं तर टक लावून बघू नका, डोळे हळूच अर्धे मिटा आणि उघडा. इंग्लंडमधल्या ससेक्स विद्यापीठाने २०२० साली हेही तपासून पाहिलं आहे. अशी हळू पापणी लवणाऱ्या माणसाकडे मांजर जास्त सहज जातं. बायकोला हे आधीच ठाऊक होतं, तिला विद्यापीठाची गरज पडली नाही.

बंद खोलीचं दुसरं काम रोग अडवणं. मांजरांचा पॅनल्यूकोपेनिया नावाचा एक विषाणूजन्य आजार आहे, कुत्र्यांच्या पार्वोचा जवळचा नातलग. लस न झालेल्या पिल्लांना तो भराभर मारतो. आधी सुस्ती, मग उलट्या, पातळ जुलाब. पिल्लू पाण्याच्या वाटीवर तोंड लोंबकळवून बसतं पण पीत नाही. रक्तातल्या पांढऱ्या पेशी कोसळतात. माणसाला तो होत नाही. पण संसर्ग झाल्यापासून लक्षणं दिसेपर्यंत दोन ते दहा दिवस जाऊ शकतात, म्हणून चौदा दिवसांचा हिशोब. आल्या दिवशी उड्या मारणारं पिल्लू सातव्या दिवशी आडवं पडू शकतं.

खरा घात त्यानंतर होतो. हा विषाणू खोलीत, चादरीत, चपलेच्या तळाला कित्येक महिने, कधी वर्षभरसुद्धा टिकतो. पिल्लू गेलं, घरच्यांनी रडून खोली फिनेलने पुसली आणि दोन महिन्यांनी दुसरं पिल्लू आणलं, की तेही जातं. फिनेलने हा विषाणू मरत नाही. तो मरतो ब्लीचने. आधी साबणाने सगळी घाण काढायची, मग एक भाग घरगुती ब्लीच आणि बत्तीस भाग पाणी असं ताजं मिश्रण दहा मिनिटं ओलं ठेवायचं, मग धुऊन वाळवायचं. मांजर त्या वेळी बाहेर. आणि संडास साफ करायच्या ॲसिडमध्ये ब्लीच कधीही मिसळू नका, विषारी वायू होतो.

फिनेलवरून आठवलं. आपल्या घरांत रोज फिनेलने लादी पुसतात, किंवा पाण्यात टाकताच दुधासारखा पांढरा होणारा तो जंतुनाशक द्राव वापरतात. मांजराचं यकृत असली फिनॉलयुक्त द्रव्यं नीट पचवून बाहेर टाकू शकत नाही. मांजर ओल्या लादीवर चालतं आणि पंजे चाटतं. लाळ गळणं, तोंडात फोड, खाणं बंद, आणि आपण म्हणतो नवं मांजर रुसलं. याच कारणाने पॅरासिटामॉलची अर्धी गोळीसुद्धा मांजराचा जीव घेऊ शकते. कुत्र्यांसाठीची गोचिडीची परमेथ्रिनवाली औषधंही त्याला विषच. ताप असो, पिसवा असोत, घरातल्या डब्यातलं काहीही द्यायचं नाही.

आता ज्यासाठी हा भाग केला ती गोष्ट. गेल्या हिवाळ्यात आमच्याच सेक्टरमधल्या एका मराठी कुटुंबाने साधारण तीन वर्षांचा बोका सांभाळायला घेतला. भाडेकरू सोडून गेला होता. पाच-सहा दिवस बरे गेले. मग तो सारखा ट्रेमध्ये जाऊन बसायला लागला, माती उकरायचा, कुंथायचा, ओरडायचा आणि निघून यायचा. एकदा बेसिनमध्ये बसला, एकदा बाथरूमच्या गार फरशीवर. गादीवर दोन थेंब पडले म्हणून त्याला रागावूनही झालं. आजींना वाटलं पोट साफ होत नाही, त्यांनी दुधात तूप घालून दिलं. संध्याकाळी सूनबाईंचा फोन आला. मी विचारलं, "ट्रेमध्ये लघवीचा ओला गोळा शेवटचा कधी दिसला?" त्या थोडा वेळ गप्प राहिल्या, मग म्हणाल्या, "काल सकाळी."

रात्री नऊला आम्ही पशुवैद्यांकडे होतो. बोक्याचं मूत्राशय मोसंबीएवढं आणि तितकंच टणक झालं होतं. बोक्याची मूत्रनलिका फार अरुंद असते. खडे, बारीक स्फटिक, चिकट स्राव किंवा नुसती सूज यांनी ती बंद होते. मग लघवी साचते, मूत्रपिंडं थांबतात, रक्तातलं पोटॅशियम वाढतं आणि हृदय बंद पडतं. एवढं सगळं एक-दोन दिवसांत घडू शकतं. डॉक्टरांनी गुंगी देऊन कॅथेटर घातला, सलाइन लावलं, तीन दिवस ठेवून घेतलं. बोका वाचला. सकाळपर्यंत थांबले असते तर काय, याचं उत्तर डॉक्टरांनी दिलं नाही.

मांजरीत असं बंद पडणं क्वचितच होतं, बोक्यात, विशेषतः नसबंदी झालेल्या, घरात बसून कोरडं अन्न खाणाऱ्या बोक्यात जास्त. जागाबदलाचा ताण हे एक कारण असतंच. तेव्हा बोका कुंथतोय आणि ट्रे कोरडा आहे, असं दिसलं की रात्र-दिवस बघू नका. पोट दाबून बघू नका, फुगलेलं मूत्राशय फुटू शकतं. पाणी जास्त जाईल असं ओलं अन्न पुढे द्यायचं, ते डॉक्टरांशी बोलून.

ट्रेबाहेर लघवी झाली की मांजराचं नाक त्यात घासायचा किंवा फटका मारायचा जुना रिवाज आहे. त्याने मांजराला कळतं ते इतकंच, की हा माणूस धोकादायक आहे. आधी लघवीची तपासणी. ती ठीक आली तर ट्रे बघायचा: रोज साफ होतो का, फार लहान नाही ना, गडगडणाऱ्या वॉशिंग मशीनजवळ तर नाही? उभं राहून, शेपटी थरथरवत भिंतीवर फवारा मारणं मात्र वेगळं. ती हद्दीची खूण, आणि तिच्यावर मुख्य उपाय नसबंदी.

बाकीची दुखणी भराभर सांगतो. मोठं मांजर पूर्ण दिवसभर काहीच खात नसेल तर डॉक्टरांना फोन करा. लठ्ठ मांजर दोन-तीन दिवस उपाशी राहिलं तर अंगातली चरबी यकृतात साचून यकृतच निकामी होऊ लागतं. "भूक लागली की खाईल" हे मांजराला लागू नाही, आणि लहान पिल्लासाठी तर बारा तासही खूप. आल्यावर आठवडाभरात शिंका, डोळ्यांतून पाणी सुरू झालं तर तो बहुधा जुना हर्पीस विषाणू, ताणामुळे पुन्हा जागा झालेला. नाक बंद झालं की वास येत नाही आणि वास नाही तर मांजर खात नाही, म्हणून अन्न कोमट करून द्या. दूध मात्र नको. डोळे मिटून दूध पिणारं मांजर आपल्या म्हणीत शोभतं, प्रत्यक्षात बऱ्याच मोठ्या मांजरांना दुधातली साखर पचत नाही आणि जुलाब होतात. केस गेलेला गोल चट्टा दिसला तर ते गजकर्ण असू शकतं, ते मुलांना लागतं. अशा वेळी मेडिकलमधून स्टेरॉइड मिसळलेलं मलम आणून माणसांना लावू नका, गजकर्ण दबल्यासारखं दिसतं आणि पसरतं.

आणि चावणं. मांजर चावलं किंवा ओरबाडून रक्त आलं, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी दवाखान्यात जा. मांजरापासूनही रेबीज होतो. बाहेरून आलेल्या मांजराची लस झाली की नाही हे कुणाला माहीत नसतं. यात "बघू दोन दिवस" नाही.

चावण्याचं कारण पुष्कळदा साधं असतं. आई-भावंडांपासून लवकर तुटलेल्या पिल्लाला किती जोरात चावायचं हे शिकवणारं कुणी भेटलेलंच नसतं. त्याच्याशी हाताने खेळू नका, दोरी-काठीने खेळा. मोठ्या मांजराला कुरवाळताना शेपटी आपटायला लागली, कान मागे वळले की हात काढून घ्या, त्याने सूचना दिलेली आहे. पहाटे चारला धावाधाव होते ती वेडेपणाने नव्हे. मांजराची शिकारीची वेळच पहाट आणि तिन्हीसांज. झोपण्याआधी त्याला दमवून मग जेवण दिलं की आपली पहाट बरीच शांत जाते.

घरात आधीचं मांजर असेल तर चौदा दिवस दाराच्या दोन बाजूंना दोघं. मधल्या काळात चादरींची अदलाबदल करा, दाराच्या दोन्ही अंगांना जेवणाच्या वाट्या ठेवा. वासाची ओळख आधी, तोंडओळख नंतर.

हे सगळं लक्षात राहत नाही, म्हणून आमच्याकडे एक शंभर पानी वही आहे. प्रत्येक मांजराला एक पान: आज किती खाल्लं, लघवीचे गोळे किती, शी कशी, शिंका, आणि स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन. निरोगी पिल्लाचं वजन दिवसाला दहा-पंधरा ग्रॅम वाढतं. दोन दिवस काटा हलला नाही तर पिल्लू खेळत असलं तरी डॉक्टरांना दाखवायचं. या वहीनेच आम्हाला बहुतेक आजार डोळ्यांआधी दाखवले आहेत. दिल्लीत डिफेन्स कॉलनीच्या उड्डाणपुलाखालचं फ्रेंडिकोज हे जुनं ठिकाण आहे. तिथे गर्दी असते. डॉक्टरांसमोर "बरं नाही वाटत" म्हणण्यापेक्षा पान उघडून ठेवलं तर काम लवकर होतं.

आणि घर मिळालं की फौजेच्या भाषेत हँडिंग-टेकिंग. मांजराबरोबर लसीचं कार्ड, त्या पानाची प्रत, चालू असलेलं अन्न आठवडाभराचं, वापरातल्या लिटरची एक पिशवी आणि न धुतलेली चादर. नव्या घरी त्याचे चौदा दिवस पुन्हा पहिल्यापासून सुरू होतात. तिथे ओळखीचा वास त्या चादरीचाच असतो.

पुढच्या भागात नसबंदी कधी आणि कशी करायची, ते बघू.