मागच्या बाकावरून इंग्रजीचा तास

बी.एड.ला प्रवेश घेतला की पाठ घेण्याआधी पाठ पाहावे लागतात. २०१५ पासून हा अभ्यासक्रम दोन वर्षांचा झाला. त्यातले २० आठवडे शाळेत घालवायचे, पहिल्या वर्षी ४ आणि दुसऱ्या वर्षी १६, असं राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेनं ठरवून दिलं आहे. या काळाला शालेय आंतरवासिता म्हणतात. त्यातलं पाठ निरीक्षण म्हणजे वहीत सह्या जमवण्याचं काम, असं अनेक छात्राध्यापकांना वाटतं. मला मात्र सगळ्या प्रशिक्षणात हाच भाग सर्वांत मोलाचा वाटतो. एकदा नोकरी लागली की दुसऱ्याचा तास मागे बसून पाहायला सवड कुणाला मिळते?

‘वर्ग काय, आम्ही लहानपणापासून पाहतोय,’ असं छात्राध्यापक म्हणतात, आणि ते खरंही आहे. अमेरिकी समाजशास्त्रज्ञ डॅन लॉर्टी यांनी १९७५ साली ‘स्कूलटीचर’ या पुस्तकात हिशेब मांडला होता, की शाळा संपेपर्यंत विद्यार्थ्याचे सुमारे १३,००० तास शिक्षकांच्या सहवासात जातात. पण विद्यार्थ्याला दिसतं ते फळ्यापुढचं. बाईंनी हाच प्रश्न आत्ता का विचारला, अर्धा धडा उद्यावर का टाकला, कुणाला मुद्दाम उठवलं नाही, यातलं काहीच त्याच्यापर्यंत पोचत नाही. म्हणून तो पुढे शिक्षक झाला, की आपल्या बाई जे करायच्या ते करतो. त्या का करायच्या, हे त्याला ठाऊक नसतं.

यंदा एका तालुक्याच्या गावी, मराठी माध्यमाच्या शाळेत, एका छात्राध्यापिकेबरोबर मी दिवसभर इंग्रजीचे तास पाहिले. परिपाठ संपला आणि आम्ही नववीच्या वर्गात शेवटच्या बाकावर जाऊन बसलो. तिच्या निरीक्षण वहीत छापील रकाने होते : प्रस्तावना, हेतुकथन, विषयविवेचन, फलकलेखन, मूल्यमापन, स्वाध्याय. सगळे शिक्षकाबद्दलचे. मुलांसाठी वेगळा रकाना नव्हता. मी तिला म्हटलं, आज वहीच्या मागच्या पानावर फक्त एवढंच टिपून ठेव, की कोण बोलतंय.

ही युक्ती माझी नव्हे. नेड फ्लँडर्स या अमेरिकी अभ्यासकाची वर्गातल्या संवादाचं विश्लेषण करण्याची पद्धत बी.एड.च्या पुस्तकांत असते आणि परीक्षेपुरती पाठही केली जाते. वर्गात मागे बसून दर तीन सेकंदांनी एक खूण करायची. एकूण दहा प्रकार : सात शिक्षकाच्या बोलण्याचे, दोन विद्यार्थ्यांच्या आणि एक शांततेचा किंवा गोंधळाचा. वर्गातला सुमारे दोन तृतीयांश वेळ बोलण्यात जातो आणि त्यातलंही सुमारे दोन तृतीयांश बोलणं शिक्षकाचं असतं, असं फ्लँडर्स यांना आढळलं होतं. पाठ केलेली ही पद्धत प्रत्यक्ष वर्गात वापरली की मगच तिचा अर्थ लागतो. बाई ओळ वाचत, तिचा मराठीत अर्थ सांगत, मुलं ती ओळ एका सुरात म्हणत. पाहता पाहता पानावर शिक्षकाची बाजू खुणांनी भरून गेली.

फ्लँडर्स यांच्या दहा प्रकारांत भाषेचा हिशेब नाही, आणि आपल्याकडे इंग्रजीच्या तासाला तोच आधी हवा. म्हणून तिनं प्रत्येक खुणेपुढे ‘म’ किंवा ‘इं’ लिहायला सुरुवात केली. इंग्रजीच्या तासाला मराठी बोलणं चूक आहे, असं मी मानत नाही. अवघड वाक्याचा अर्थ मराठीत चटकन कळत असेल, तर तो मराठीतच सांगावा. पण ‘पुस्तकं उघडा’, ‘शेजारच्याला दाखव’, ‘पुन्हा वाच’ ही वाक्यंही मराठीतच येतात तेव्हा वाईट वाटतं, कारण समजावून न सांगता मुलांना कळेल असं इंग्रजी एवढंच असतं. आणि या गावातल्या बहुतेक मुलांच्या कानावर माणसाच्या तोंडचं इंग्रजी पडतं ते या एका तासातच.

आमच्या पुढच्या बाकावर, खिडकीजवळ बसलेल्या मुलीसमोर ‘माय इंग्लिश कोर्सबुक’ उघडं होतं. ओळीच्या वर बारीक पेन्सिलीनं मराठी अर्थ, ओळीखाली देवनागरीत उच्चार. मधली इंग्रजी ओळ जेमतेम दिसत होती. छात्राध्यापिकेला वाटलं, हा आळस आहे. मला तसं वाटलं नाही. त्या मुलीनं आदल्या रात्री एकेक शब्द शोधून काढला होता. २००० सालापासून राज्यातल्या मराठी शाळांत इंग्रजी पहिलीपासून आहे, म्हणजे ती नऊ वर्षं हा विषय शिकते आहे आणि तिच्याकडे शब्द भरपूर आहेत. ते बोलून पाहायची वेळ मात्र तिच्यावर क्वचितच येते. बाईंनी प्रश्न विचारला तेव्हा तिचे ओठ हलले, पण पहिल्या बाकावरून उत्तर येऊन गेलं होतं. अभ्यासक मेरी बड रो यांनी १९७०च्या दशकात विज्ञानाच्या वर्गांमध्ये मोजून पाहिलं होतं, की प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी एखादा सेकंदच थांबतात आणि ही वाट तीन सेकंदांवर नेली तर मुलांची उत्तरं लांबतात, एरवी गप्प बसणारी मुलंही बोलू लागतात. परक्या भाषेत उत्तर जुळवणाऱ्याला तर ते तीन सेकंद हवेतच.

मधल्या सुट्टीत शिक्षक-कक्षात डबा खाताना छात्राध्यापिकेनं धीर करून विचारलं, “मॅडम, खिडकीजवळच्या मुलीला उत्तर येत होतं. तुम्ही तिला उठवलं का नाही?”

बाई रागावल्या नाहीत. “अगं, जूनमध्ये ती वाचायला उभी राहिली आणि वर्ग हसला. तेव्हापासून उभी राहिली की तिचा आवाजच फुटत नाही. सध्या मी तिला शेजारणीबरोबर जोडीनं वाचायला लावते. दिवाळीनंतर उठवीन. तू तिच्याकडे बघत होतीस, हे बरं केलंस.”

शेवटच्या बाकावरून आम्ही दोघींनी जी उणीव टिपली होती, ती मुळात विचारपूर्वक घेतलेली भूमिका होती. हे मागे बसून कधीच कळलं नसतं. आणि न विचारता ती छात्राध्यापिका वहीत ‘विद्यार्थ्यांचा सहभाग कमी’ असा शेरा मारून मोकळी झाली असती.

दुपारी दहावीचा तास पाहिला. ८० गुणांची लेखी परीक्षा डोळ्यांपुढे ठेवून पत्रलेखनाचा साचा फळ्यावर उतरला, मुलांनी तो उतरवून घेतला. छात्राध्यापिकेला त्याबद्दल बरंच विचारायचं होतं : साचा आधी द्यावा की मुलांना आधी लिहू द्यावं, साठ वह्या तपासायच्या कशा. पण त्यानंतर लगेच तिला आठवीच्या ऑफ तासावर पाठवलं गेलं आणि दहावीच्या बाई पुढच्या वर्गावर गेल्या.

असं जवळजवळ प्रत्येक शाळेत होतं. छात्राध्यापक आले म्हणजे मोकळ्या वर्गांची सोय झाली, असं समजलं जातं. मार्गदर्शक शिक्षकालाही पाठावर बोलण्यासाठी वेगळा वेळ मिळत नाही. जे काही बोलणं होतं ते डबा खाताना किंवा जिन्यात. पाहिलेल्या पाठाइतकंच त्यावरचं बोलणंही आंतरवासितेचा भाग धरलं पाहिजे. मार्गदर्शक शिक्षक आणि छात्राध्यापक दोघांनाही मोकळा असा आठवड्यातला एक तास नावानिशी लावता येईल, आणि वहीवरची सही त्या बोलण्यानंतर करता येईल. मुख्याध्यापकांनी मनावर घेतलं तर त्यासाठी शासनाच्या परिपत्रकाची वाट पाहावी लागत नाही. शाळेचं वेळापत्रक त्यांच्याच हातात असतं.