एका पानाला वीस मिनिटं

सर आधी मजकूर झाकतात. कोऱ्या कागदाच्या पट्ट्या कापून ठेवलेल्या असतात, त्या पानावरच्या संवादाच्या प्रत्येक फुग्यावर ठेवायच्या आणि नुसतं चित्र बघत बसायचं. "एका पानाला वीस मिनिटं," ते म्हणाले.

सांगलीत विश्रामबागेत राहणारे हे निवृत्त चित्रकला शिक्षक लहान प्रकाशकांच्या ग्राफिक कादंबऱ्या हुडकून त्यांची परीक्षणं लिहितात, असं कळलं म्हणून मी गेलो होतो. हुडकणं म्हणजे सूच्या चाळणं, पुण्याच्या अप्पा बळवंत चौकात फेरी मारणं, नाहीतर थेट प्रकाशकाकडून टपालानं मागवणं. खरं काम त्यानंतरचं.

त्या दिवशी टेबलावर बाबासाहेब आंबेडकरांच्या आयुष्यावरचं 'भीमायन' होतं. 'नवयान' प्रकाशनानं 2011 साली काढलेल्या या पुस्तकाची चित्रं दुर्गाबाई आणि सुभाष व्याम या परधान गोंड कलावंतांची. पात्रांना चौकटीत कोंडायला त्यांनी नकार दिला. गोंड घरांच्या भिंतींवर काढतात तसल्या डिगना नक्षीच्या वळणांनी त्यांनी पानं विभागली. साध्या बोलण्याचे फुगे पक्ष्याच्या आकाराचे. जातीचं विष असलेल्या बोलण्याच्या फुग्याला मात्र विंचवाची नांगी.

ती नांगी बघितल्यावर माझं लक्ष पुन्हा पुन्हा तिकडेच जायला लागलं. कारण प्रसंग आपल्या घरचा. 1901 साली साताऱ्यात राहणारा लहानगा भीम भावाबरोबर आणि भाच्यांबरोबर वडिलांना भेटायला गोरेगावला निघाला. खटाव तालुक्यात दुष्काळी कामावर वडील खजिनदार होते. पोरं नवे कपडे घालून, नव्या टोप्या चढवून मसूर स्टेशनावर उतरली. जात कळताच स्टेशनमास्तरचा चेहरा पालटला. दुप्पट भाडं देऊनही गाडीवान गाडी हाकेना, पोरांनाच हाकावी लागली. जवळ खायला होतं, पण प्यायला पाणी कुणी देईना. पुणे-मिरज मार्गावर मसूर आजही आहे. सांगलीहून साताऱ्याला रेल्वेनं जाताना लागतं. बाबासाहेबांच्या 'वेटिंग फॉर अ व्हिसा'त मी हे पूर्वी वाचलं होतं. पण तहानलेल्या मुलाच्या अंगातच पाणी आणि मासे काढलेले दिसले तेव्हा पान उलटवेना.

"हे परीक्षणात कुठं येतं सांगा?" सरांचा आवाज चढला. "सगळी गोष्ट सांगायची आणि शेवटी 'चित्रे सुबक आहेत'. सुबक! एका पानाला वीस मिनिटं दिली असती तर हा शब्द सुचला नसता."

मला त्यांचं शंभर टक्के पटलं. गोष्ट ठाऊक असलेल्या वाचकालाही हे पुस्तक काय नवं देतं, ते चित्राकडे बघितल्याशिवाय सांगताच येणार नाही.

मग त्यांनी दुसरं पुस्तक काढलं, 'अ गार्डनर इन द वेस्टलँड'. हेही 'नवयान'चं आणि 2011चंच. महात्मा फुल्यांच्या 1873च्या 'गुलामगिरी'वरून श्रीविद्या नटराजन यांनी लिहिलेलं, अपराजिता निनान यांनी चितारलेलं. फुल्यांचं मूळ गाव कटगुण, तेही खटाव तालुक्यातलंच.

सातारा-सांगलीच्या वाचकांनो, तुमच्या वाचनालयात ही दोन पुस्तकं नसतील तर मागणीच्या वहीत नावं लिहा. आणि आली की बालविभागात जाऊ देऊ नका, मोठ्यांच्या कपाटात लावायला सांगा.