सोनकी इतकी पिवळी असते का?

सप्टेंबर उजाडला की कास पठाराचे फोटो सगळीकडे फिरू लागतात आणि त्यातल्या बऱ्याच फोटोंत सोनकी हायलाइटर पेनाने रंगवल्यासारखी दिसते. तेरडा गुलालात बुडवून काढलेला, आभाळ शाईचं. बघणाऱ्यांत लगेच दोन तट पडतात. एक म्हणतो, "एडिट केलंय, सगळं खोटं." दुसरा म्हणतो, "मी स्वतः जाऊन आलोय, अगदी असंच असतं." मला दोघांचंही पुरतं पटत नाही.

आधी पहिल्याचा समज घेऊ: कॅमेऱ्यातून निघालं ते खरं आणि त्यावर हात फिरवला की खोटं. पण कॅमेऱ्याला आपल्यासारखा रंग दिसतच नाही. सेन्सरच्या प्रत्येक ठिपक्यावर लाल, हिरवी किंवा निळी यांपैकी एकच गाळणी बसवलेली असते. निम्म्या ठिपक्यांवर हिरवी, उरलेल्यांत निम्मी लाल आणि निम्मी निळी. कोडॅकमधल्या ब्राइस बेयर यांची ही मांडणी, तिचं पेटंट १९७६चं. आजही बहुतेक कॅमेरे आणि फोन तीच वापरतात. म्हणजे प्रत्येक ठिपक्याचा एक रंग मोजलेला आणि दोन रंग शेजाऱ्यांवरून ताडलेले! सेन्सरची ही कच्ची नोंद, म्हणजे रॉ फाइल, काहीही न करता उघडली, तर ती मळकट हिरवट दिसते. तिला रंग कुणीतरी द्यावाच लागतो. तुम्ही दिला नाहीत तर कॅमेरा कंपनीचा इंजिनियर देतो. 'स्टँडर्ड', 'व्हिव्हिड', 'लँडस्केप' ही त्याच्याच आवडीनिवडींची नावं. तेव्हा फोटोखाली 'नो एडिट' असं अभिमानाने लिहिणाऱ्याने एडिटिंग टाळलेलं नसतं, ते कंपनीवर सोपवलेलं असतं. शिवाय रॉमध्ये काढतो म्हणणाऱ्यांनी एक ध्यानात ठेवावं: कॅमेऱ्याच्या पाठीवर जे चित्र दिसतं, तेही त्या रॉवरून बनवलेलं जेपेगच असतं.

"आमच्या वेळी रोल होते, तेव्हा असली थेरं नव्हती," असं म्हणणारे काकाही भेटतात. त्यांना वेल्व्हियाची आठवण करून द्यावी. फुजीने १९९०मध्ये आणलेली ही ५० आयएसओची स्लाइड फिल्म. तिच्यातला हिरवा आणि लाल वास्तवापेक्षा कितीतरी गडद यायचा, आणि नेमक्या त्याच कारणासाठी जगभरचे निसर्ग छायाचित्रकार तिच्यावर जीव टाकत. आज फुजीच्या डिजिटल कॅमेऱ्यांत 'वेल्व्हिया' नावाचा मोडच आहे. फिल्मची आणखी एक खोड होती. काही निळी-जांभळी फुलं अतिगडद लाल प्रकाशही भरपूर परावर्तित करतात. तो आपल्या डोळ्याला जवळजवळ दिसत नाही, पण फिल्मला दिसायचा. त्यामुळे निळं फूल गुलाबीसर यायचं. अजेराटम या फुलावरून या प्रकाराला नावच पडलं आहे.

आता दुसऱ्या तटाकडे वळू. "मी बघितलंय, असंच होतं." हा माणूस खोटं बोलत नाही, आणि इथेच खरी गंमत आहे. रंगविज्ञानातले आर. डब्ल्यू. जी. हंट यांनी १९५२मध्ये दाखवलं, की प्रकाश जितका जास्त, तितका तोच रंग आपल्याला अधिक रंगीत भासतो. लख्ख उन्हात उजेड एक लाख लक्सच्या आसपास असतो, तर घरात संध्याकाळी दिवे लावल्यावर फार तर काहीशे लक्स. पठारावर डोळे दिपवणारी सोनकी बैठकीत बसून स्क्रीनवर बघताना विटकी वाटते ती यामुळे. आकड्यांनी तोच रंग असला तरी अनुभव तोच राहत नाही. तेव्हा सॅच्युरेशन, म्हणजे रंगाचा गडदपणा, थोडं वाढवणं ही लबाडी नव्हे. गेलेल्या उजेडाची ती भरपाई आहे.

पण "थोडं" म्हणजे किती, हे आठवणीला विचारू नये. बार्टलसन यांनी १९६०मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत लोकांना गवत, आभाळ अशा ओळखीच्या गोष्टींचे रंग आठवून निवडायला सांगितलं होतं. लोकांनी निवडलेले रंग एकंदरीत मूळ रंगांपेक्षा गडद निघाले. आठवणीतलं गवत हिरवं नसतं, हिरवंगार असतं. स्लायडर सरकवताना मनाशी जुळवायला जावं, तर मनानेच आधी सॅच्युरेशन वाढवून ठेवलेलं! त्यात डोळाही लगेच सरावतो. दहा मिनिटं भडक फोटोकडे बघत बसलं की तोच साधा वाटू लागतो आणि बोट आणखी पुढे सरकतं.

मग हमखास येणारा प्रश्न: आकडा सांगा, वीस की तीस? असा आकडा नसतो. ढगाळ दिवशीच्या फिक्या कातळाला तीसही चालेल, फुललेल्या सोनकीला दहाही जड जाईल. का, ते मी पैसे मोजून शिकलो. सोनकीच्या ताटव्याचा एक फोटो मोठ्या हौसेने प्रिंट करून घेतला. घरी आणून बघतो तर पाकळ्याच नाहीत, नुसते पिवळे डाग. चूक सर्वस्वी माझी. साध्या फोटोत प्रत्येक रंगाच्या चॅनलला ० ते २५५ एवढीच जागा असते. पिवळा म्हणजे लाल आणि हिरवा भरपूर, निळा कमी. सॅच्युरेशन वाढवत गेलं की लाल २५५ला जाऊन थडकतो आणि निळा शून्याला. पाकळीची शीर, घडी, कडेची सावली हे सगळं या आकड्यांतल्या बारीक फरकांतच असतं. सगळ्या पाकळ्यांचे आकडे सारखे झाले की फूल संपलं. या आकड्यांच्या एकत्रित आलेखात, म्हणजे हिस्टोग्राममध्ये, हे पुष्कळदा लपून राहतं. लाल, हिरवा, निळा असे तिन्ही वेगवेगळे उघडून बघावे लागतात.

हिरव्याचं नुकसान याहून चोरपावलांनी होतं. पावसाळ्यात सह्याद्रीत उभं राहा. खाली भाताच्या रोपांचा पोपटी, आंब्याचा काळपट, दगडावरचा शेवाळी, दूरच्या डोंगराचा धुक्यात निळसर झालेला. आपल्या भाषेने यातल्या कित्येक हिरव्यांना वस्तूंची नावं दिली ती ते वेगळे दिसतात म्हणूनच. स्लायडर टोकाला नेला की हे सगळे एकाच झगझगीत पोपटी रंगाकडे धावत सुटतात. म्हणून माझ्यापुरती कसोटी ही: मूळ फोटोत पाच हिरवे मोजता येत असतील आणि एडिटनंतर दोनच, तर तो भडक झाला, मग स्लायडर कितीवर का असेना.

फोटो मरगळलेला दिसला की सॅच्युरेशनच वाढवायचं, हाही समजच. पुष्कळदा दोष धुरकट हवेचा किंवा चुकलेल्या व्हाइट बॅलन्सचा असतो. कॉन्ट्रास्ट वाढवला की रंग बहुतेक वेळा आपोआप गडद होतात. तो वाढवून वर सॅच्युरेशनही वाढवणं म्हणजे चाखून न बघता दोनदा मीठ घालणं. व्हायब्रन्स हा सॅच्युरेशनचा जरा समजूतदार भाऊ. आधीच गडद असलेल्या रंगांना तो कमी हात लावतो, फिक्यांना जास्त. आणि ओल्या पानांसाठी तर लेन्सवर पोलरायझर चढवावा. पानावर आभाळाची पांढुरकी चकाकी असते, ती पुसली की खालचा खरा हिरवा वर येतो. तो रंग तिथे आधीपासूनच होता.

राहिला फोन. "माझ्या फोनवर तर मस्त दिसतो," याला फारसा अर्थ नाही. वेबवरच्या फोटोंची सर्वसाधारण रंगमर्यादा एचपी आणि मायक्रोसॉफ्टने १९९६मध्ये सुचवलेली, एसआरजीबी नावाची. आजच्या चांगल्या फोनचे पडदे तिच्यापेक्षा सुमारे पाव पट जास्त रंग दाखवू शकतात. त्यात पडदा 'व्हिव्हिड'वर असला तर साधा फोटोही ताणून गडद केला जातो. त्याच फोनवर बसून तुम्ही एडिट केलंत, की दुसऱ्याच्या पडद्यावर आणि छपाईत काय होईल याचा भरवसा नाही. छपाईच्या शाईला तर झगझगीत हिरवा आणि गडद निळा पेलतच नाही.

यंदा कासला गेलात, तर फोनच्या सेटिंगमधलं 'व्हिव्हिड' बंद करा आणि वाटेवरूनच सोनकीचा एक फोटो काढा. घरी येईपर्यंत थांबू नका. तिथेच पडद्यावर थोडी सावली धरून तो समोरच्या फुलाशेजारी बघा, आणि पाकळ्या मोजता येतात का तेवढं तपासा.