भिंतीचा रंग कुणाच्या पसंतीचा

१९६७ साली कॅनडानं स्थलांतरितांसाठी गुणपद्धत आणली. माणूस कोणत्या देशातून आला यापेक्षा त्याचं शिक्षण, वय, कामाचा अनुभव, इंग्रजी-फ्रेंच येतं का, हे पाहिलं जाऊ लागलं आणि मराठी इंजिनिअर, डॉक्टर, परिचारिका, शिक्षक इथं येऊ लागले. पहिलं घर बहुतेकांचं भाड्याचं असे. टोरंटोत थॉर्नक्लिफ पार्क, फ्लेमिंग्डन पार्क, सेंट जेम्स टाउन या वस्त्यांमध्ये त्या काळात उंच इमारती उभ्या राहिल्या होत्या. असल्या इमारतींतल्या भिंती सगळीकडे सारख्याच, किंचित पिवळसर पांढऱ्या. घरमालकाचा हिशोब साधा होता. भाडेकरू गेला की तोच रंग पुन्हा फिरवायचा आणि उरलेला डबा पुढच्या फ्लॅटला वापरायचा. राहणाऱ्याला कुणी विचारत नसे, आणि सुटकेस घेऊन आलेल्या माणसाला विचारलं जावं अशी अपेक्षाही नसे.

मागे ठेवून आलेली घरं फार वेगळी होती. डिस्टेंपरच्या खोल्या आकाशी, पिस्ता, फिक्या गुलाबी. स्वयंपाकघरात कमरेपर्यंत ऑइलपेंटचा पट्टा, तेलाचे हात पुसता यावेत म्हणून. गावाकडे चुना, आणि त्या चुन्यात नीळ. रंगकाम दसरा-दिवाळीच्या तोंडावर, आणि कोणत्या खोलीला कोणता रंग यावर घरात आठवडाभर चर्चा. साधा मोतिया किंवा क्रीम रंग होता तो कचेरीला, शाळेला, नाहीतर ज्या खोलीबद्दल एकमत झालं नाही तिला.

सत्तर-ऐंशीच्या दशकात स्कारबरो, मिसिसागा, ब्रॅम्प्टनकडे स्वतःची घरं झाली. तळघरात गडद लाकडी पॅनेलिंग, स्वयंपाकघरात मोहरीसारख्या पिवळ्या नाहीतर ॲव्होकाडोच्या हिरव्या रंगाचा फ्रिज, हे सगळं घराबरोबरच मिळायचं. हप्ते फेडण्याच्या त्या वर्षांत भिंतींकडे लक्ष द्यायला फुरसत कमी होती, म्हणून त्या काळाबद्दल फार सांगण्यासारखं नाही.

खरी गोष्ट नव्वदच्या दशकात सुरू होते. टोरंटोभोवती शेतजमिनींवर एकामागून एक नव्या वसाहती झाल्या आणि त्यांतल्या घरांना बिल्डरनं आतून एकच रंग दिला, बेज. दिसायला निरुपद्रवी, पण हा बिल्डरचा रंग म्हणजे स्वस्तातला, पातळ आणि अगदी मॅट असायचा. मॅट रंगाला चमक नसते, त्यामुळे भिंतीतले उंचवटे लपतात, पण स्वस्त मॅट रंग धुता येत नाही. चुलीमागच्या भिंतीवर पहिली फोडणी उडाली की मोहरीच्या तेलकट ठिपक्यांभोवती हळदीचं पिवळं वर्तुळ उमटायचं. ओल्या फडक्यानं पुसायला जावं तर हळद तशीच राहून रंगच चकचकीत व्हायचा. किंचित चमक असलेलं एगशेल किंवा सॅटिन फिनिश घेतलं तर भिंत पुसता येते हे ज्ञान आमच्याकडे एका घरातून दुसऱ्या घरात असंच पोचलं, हळदीच्या डागांमधून.

त्याच दशकात टीव्हीवर माँट्रियलच्या डेबी ट्रॅव्हिस भिंतींवर स्पंज आणि चिंध्यांनी रंगाचे थर चढवायला शिकवत होत्या. १९९७ मध्ये एचजीटीव्ही कॅनडा ही फक्त घरांना वाहिलेली वाहिनी सुरू झाली. रंगाचा उत्साह होता, पण तो फार टिकला नाही, कारण घराच्या किमती वाढत गेल्या आणि घर ही राहण्याच्या जागेबरोबर मोठी गुंतवणूक झाली. विकायला काढायच्या आधी एजंट पहिलं सांगे ते हेच, सगळ्या भिंती न्यूट्रल करा. मुलीच्या खोलीतला पिस्ता गेला, देवघरामागची केशरी भिंत गेली. इथवर ठीक होतं, घर विकताना माणूस तडजोड करतोच. मला वाईट वाटतं ते पुढच्याचं. घर विकायचं नसतानाही ‘उद्या विकताना बरं’ म्हणून पंधरा-पंधरा वर्षं लोक न आवडणाऱ्या भिंतींमध्ये राहिले. अजून जन्माला न आलेल्या गिऱ्हाइकाच्या पसंतीनं आपली बैठकीची खोली रंगवायची, हा घरावर अन्याय आहे आणि घरातल्या माणसांवरही.

२०१० नंतर बेज गेला आणि करडा आला. २०११ मध्ये मूळच्या व्हँकुव्हरच्या स्कॉट बंधूंचा ‘प्रॉपर्टी ब्रदर्स’ सुरू झाला. तशा अनेक कार्यक्रमांतून जुनी घरं फोडून करडी-पांढरी होताना घरोघरी दिसू लागली. बेंजामिन मूर कंपनीचा ‘रिव्हिअर प्यूटर’ हा रंग त्या दशकात जिथं तिथं लागला. गंमत अशी की तो नवा नव्हताच. अमेरिकेच्या स्वातंत्र्याला दोनशे वर्षं झाली तेव्हा, १९७६ मध्ये, कंपनीनं जुन्या वास्तूंवरून जी ऐतिहासिक रंगमाला काढली, तिच्यातला तो एचसी-१७२. म्हणजे रंग तोच होता, नजर बदलली होती.

मराठी घरांत या करड्यानं पिढ्यांमध्ये वाद लावला. मुलगी म्हणायची, “आई, अगं हा बेज आता कुणीच ठेवत नाही, घर किती जुनाट दिसतं.” आईचं म्हणणं, “अगं, नोव्हेंबर ते मार्च बाहेर सगळं करडंच असतं, आता आतही तेच लावायचं का?” बाबा मध्ये पडून दोघींना पटेल असा ऑफ-व्हाइट सुचवायचे आणि त्यातही पन्नास छटा निघायच्या.

या वादात दोघीही बरोबर होत्या, कारण दोघींच्या डोळ्यांना वेगवेगळ्या उजेडाची सवय होती. डिसेंबरच्या शेवटी भर दुपारी पुण्यात सूर्य क्षितिजापासून साधारण ४८ अंशांवर असतो, टोरंटोत २३ अंशांवर, एडमंटनला जेमतेम १३. टोरंटोचा तो दिवस नऊ तासही भरत नाही. हिवाळ्यात उत्तरेच्या खिडकीतून ऊन येतच नाही, येतो तो आकाशाचा निळसर उजेड, आणि खाली बर्फ असलं की तोच उजेड छताकडूनही परततो. अशा खोलीत निळसर करडा आणखी गार दिसतो. आपल्याकडे चुन्यात नीळ घालायचे ते पांढऱ्यातला पिवळेपणा मारायला, आणि रखरखत्या उन्हात तो गार पांढरा सुखाचा वाटायचा. इथं गरज उलटी आहे. पांढऱ्यात पिवळ्याची, लालसर मातीच्या रंगाची किंचित ऊब घालावी लागते. तीन पिढ्यांपूर्वीच्या घरमालकाचा तो पिवळसर पांढरा निव्वळ काटकसरीचा असला, तरी इथल्या हिवाळ्याला तो मानवत होता, हे कबूल करायला हवं.

ब्रिटिश कोलंबियातल्या रंगसल्लागार मारिया किलम अनेक वर्षं हेच सांगत आल्या आहेत की न्यूट्रल म्हणजे बिनरंगी नव्हे. प्रत्येक बेजच्या आणि करड्याच्या पोटात दुसरा रंग दडलेला असतो. त्यांनी असे नऊ गट केले आहेत: गुलाबी बेज, हिरवट बेज, सोनेरी बेज, निळसर करडा, हिरवट करडा, जांभळट करडा वगैरे. गुलाबी छटेच्या फरशीवर हिरवट करडी भिंत आली की दोन्ही मळकट दिसतात, आणि घरातल्यांना काय बिनसलंय ते नेमकं सांगता येत नाही.

त्यात दिव्यांनी भर घातली. २०१४ मध्ये कॅनडात नेहमीचे तारेचे पिवळे बल्ब टप्प्याटप्प्यानं बंद झाले. तोवर संध्याकाळी प्रत्येक भिंतीला फुकटची ऊब मिळत होती. एलईडी घेताना आमच्यातल्या अनेकांनी ट्यूबलाइटच्या सवयीनं ‘डेलाइट’ लिहिलेला, ५००० केल्व्हिनचा पांढराशुभ्र दिवा निवडला. नव्या करड्या भिंतीवर तो पडला आणि बैठकीची खोली दवाखान्यासारखी दिसू लागली. दोष रंगाला मिळाला. २७०० केल्व्हिनचा पिवळसर दिवा लावून पाहिला असता तर कित्येक घरांतलं भांडण तिथंच मिटलं असतं.

रंगाच्या दुकानात काउंटरपाशी थोडा वेळ उभं राहिलं तर हे सगळं डोळ्यांसमोर घडताना दिसतं. पांढऱ्या बेसचा डबा उघडून यंत्राखाली ठेवतात. नळीतून काळ्याचे काही थेंब पडतात, मग पिवळ्या मातीच्या रंगाचे, मग तांबड्याचे. झाकण ठोकून डबा हलवणाऱ्या यंत्रात जातो, आणि बाहेर आल्यावर विक्रेता झाकणावर रंगाचं एक बोट टेकवून ते हेअर ड्रायरनं वाळवतो. मोतिया काय किंवा करडा काय, बहुतेक न्यूट्रल याच तीन-चार रंगांतून निघतात, फरक थेंबांचा. प्रत्येक रंगाच्या माहितीत एलआरव्ही नावाचा आकडा असतो, म्हणजे भिंत किती उजेड परतवते ते. शून्य म्हणजे काळा, शंभर म्हणजे शुभ्र. रिव्हिअर प्यूटरचा आकडा ५५ च्या आसपास, त्याच कंपनीच्या क्लाउड व्हाइट या पांढऱ्याचा ८५, चँटिली लेस या पांढऱ्याचा ९०. तळघरातल्या खोलीला ५५ चा रंग लावून ती अंधारी वाटते म्हणणाऱ्यांनी आधी हा आकडा वाचायला हवा होता.

नमुन्याच्या चिटोऱ्यावर विसंबून रंग ठरवू नये. मोठ्या पुठ्ठ्यावर दोन हात मारून तो भिंतीला उभा लावावा, मागे पांढरा कागद धरावा, म्हणजे जुन्या रंगाची बाधा होत नाही. सकाळी, दुपारी आणि दिवा लावल्यावर पाहावा. रंग घरातल्या सर्वांत वयस्कर माणसाला दाखवून ठरवावा असंही मी म्हणेन, कारण हिवाळ्यात त्या भिंतींकडे दिवसभर तेच बघत असतात.

गेल्या पाच-सहा वर्षांत वारं पुन्हा फिरलं. दरवर्षी ‘वर्षाचा रंग’ जाहीर करणाऱ्या पॅन्टोन कंपनीनं २०२१ साठी ‘अल्टिमेट ग्रे’ निवडला, पण सोबत चमकता पिवळा जोडून. २०२५ साठी ‘मोका मूस’ हा तपकिरी आला, आणि २०२६ साठी ‘क्लाउड डान्सर’ हा चक्क पांढरा. भिंती आता दुधाळ, हस्तिदंती आणि करड्या-बेजच्या मधल्या छटांकडे वळल्या आहेत. आईनं जपून ठेवलेला मोतिया नातीला आवडू लागला आहे.

अडचण आहे ती खाली. करड्याच्या लाटेत भिंतींबरोबर जमिनीही करड्या झाल्या, लॅमिनेट आणि व्हिनाइलच्या फळ्या घरभर. भिंत दोन दिवसांत बदलते, जमीन बदलायला हजारो डॉलर लागतात. अशा जमिनीच्या खोलीत भिंतींना पिवळसर क्रीम लावलं तर जमीन निळी दिसू लागते. अशा घरात फळीतली छटा आधी ओळखावी, हिरवट, निळसर की जांभळट, आणि तिच्याशी जुळणारा, एलआरव्ही ७० च्या वरचा उबदार ऑफ-व्हाइट घ्यावा. केशरी देवघर हवं असेल तर तेही याच वेळी रंगवून घ्यावं. विकताना दोन हात मारले की ते झाकलं जातं.