लक्सर: खोली नाईलच्या कुठल्या तीरावर घ्यायची?

हॉटेल बुकिंगच्या ॲपवर लक्सर हे नाव टाकलं की नकाशावर किमतींचे दोन पुंजके उमटतात आणि त्यांच्या मधून नाईल वाहताना दिसते. उजवीकडचा पुंजका दाट आहे. तिथे रेल्वे स्टेशन, बाजार, नदीकाठचा रस्ता आणि ओळीने लागलेल्या क्रूझ बोटी आहेत. डावीकडचा विरळ आहे. तिथे शेतं, काही खेडी आणि त्यांच्या मागे एकाएकी सुरू होणारं वाळवंट. स्वस्त खोल्या दोन्हीकडे मिळतात आणि दरांतही फार फरक नसतो, म्हणून बहुतेक जण फोटो आणि रेटिंग पाहून खोली घेऊन टाकतात. लक्सरमध्ये मात्र आधी तीर ठरवावा आणि मग खोली. सकाळ किती वाजता सुरू होणार, टॅक्सीवर किती जाणार आणि उन्हाचा कडाका वाढण्याआधी काय काय पाहून होणार, हे सगळं त्यावर ठरतं.

कैरोच्या दक्षिणेला सुमारे साडेसहाशे किलोमीटरवर वसलेलं हे शहर म्हणजे प्राचीन थीब्ज. युनेस्कोने १९७९ मध्ये त्याला जागतिक वारसास्थळाचा दर्जा दिला. पूर्व तीरावर देवळं आहेत: कर्नाकचा अवाढव्य परिसर, गावाच्या मध्यभागातलं लक्सर मंदिर आणि या दोघांना जोडणारा २.७ किलोमीटरचा स्फिंक्सचा रस्ता. हा रस्ता नोव्हेंबर २०२१ मध्ये लोकांसाठी खुला झाला. पश्चिम तीरावर राजांची दरी, राणी हात्शेपसुतचं मंदिर, मेदिनेत हाबू, रामेसियम आणि शेकडो सरदार-कारागिरांच्या कबरी आहेत. म्हणजे पाहण्याचा मोठा भाग नदीपलीकडे आणि राहण्याचा मोठा भाग अलीकडे, अशी विभागणी आहे.

पूर्व तीराची सोय उघड आहे. स्टेशनवरून चालत हॉटेल गाठता येतं, एटीएम आणि औषधांची दुकानं जवळ आहेत, संध्याकाळी दिव्यांनी उजळलेलं लक्सर मंदिर पाहून पायीच परतता येतं. स्टेशन रोड आणि टेलिव्हिजन स्ट्रीटच्या आसपास साध्या हॉटेलांची दाटी आहे. यांतल्या काही ठिकाणी खोलीचा दर इतका कमी असतो की नवल वाटावं. त्याचं कारण असं, की हॉटेलची खरी कमाई खोलीवर होत नाही. पश्चिम तीराची सहल, बलूनची फेरी, फलुका म्हणजे शिडाची होडी आणि आस्वानची गाडी हे सगळं रिसेप्शनवरून विकलं जातं आणि त्यावर कमिशन मिळतं. यात गैर काही नाही, बऱ्याचदा सोयच होते. पण चेक-इन करतानाच चहाचा ग्लास पुढे करून सहलींचा तक्ता उलगडला गेला, तर ‘उद्या सांगतो’ म्हणायची तयारी ठेवावी. बाहेर दोन ठिकाणी दर विचारल्याशिवाय पैसे देऊ नयेत. स्टेशनवर उतरताच ‘तुमचं हॉटेल बंद झालंय, मी दुसरं दाखवतो’ असं सांगणारा कुणी भेटला, तर हॉटेलला फोन लावून खात्री करावी. नंबर आधीच वहीत उतरवलेला असला की झालं.

या आग्रहामागे गावाचा अलीकडचा इतिहास आहे, तो समजून घेतला की चीड कमी येते. १७ नोव्हेंबर १९९७ रोजी हात्शेपसुतच्या मंदिरात दहशतवाद्यांनी ६२ जणांचे प्राण घेतले आणि पर्यटन एका दिवसात थांबलं. ते सावरलं तोच २०११ ची क्रांती आणि त्यानंतरची अस्थिरता आली. मग २०२० ची महामारी. टांगेवाला, होडीवाला, गाइड, हॉटेलात चादरी बदलणारा मुलगा, या सगळ्यांची घरं पाहुण्यांवर चालतात. हंगाम बुडाला की चुली थंडावतात. नम्र पण ठाम नकार इथे सगळ्यांना समजतो. ‘ला, शुक्रन’ हे दोन शब्द पुरतात.

आता पलीकडचा तीर.

राजांच्या दरीचं फाटक सकाळी ६ वाजता उघडतं. क्रूझच्या बसगाड्या साधारण ८ नंतर येऊ लागतात आणि मग अरुंद भुयारांत माणसामागे माणूस उभा राहतो. हवा कोंदट होते, भिंतीवरचं चित्र नीट बघायच्या आत पुढे सरकावं लागतं. पूर्व तीरावरून टॅक्सीने यायचं तर शहराच्या दक्षिणेकडे खाली जाऊन पुलावरून नदी ओलांडावी लागते, त्यात पाऊण तास सहज जातो. पश्चिम तीरावर गेझिरा किंवा कुर्ना भागात राहणारा पाहुणा मात्र आदल्या रात्री गाडी सांगून ठेवतो आणि फाटक उघडताना तिथे हजर असतो. ते पहिले दोन तास म्हणजे लक्सरची खरी श्रीमंती. चौथ्या रामसेसच्या कबरीत छतावर पसरलेली आकाशदेवता नूत शांतपणे मान वर करून पाहता येते, मागून कुणी ढकलत नाही.

दोन तीरांमध्ये सरकारी फेरीबोट चालते. लक्सर मंदिरासमोरच्या धक्क्यावरून निघते, पलीकडे गेझिराला लागते, रात्री उशिरापर्यंत सुरू असते आणि तिचं भाडं अगदी किरकोळ आहे. धक्क्यावर खासगी मोटरबोटवाले अडवतात, ‘फेरी बंद आहे’ असंही सांगतात. चार पावलं पुढे गेलं की शाळकरी मुलं, भाजीच्या पाट्या घेतलेल्या बायका आणि सायकली चढताना दिसतात, तीच फेरी. उतरल्यावर पिकअप गाड्या उभ्या असतात, अगदी आपल्याकडच्या वडापसारख्या: माणसं भरली की सुटायच्या, हात केला की थांबायच्या. धक्क्याजवळ सायकलीही भाड्याने मिळतात. मेम्नॉनच्या दोन महाकाय पुतळ्यांपर्यंतचा रस्ता सपाट, उसाच्या शेतांमधून जाणारा आहे. हिवाळ्यात तोडणी सुरू असते आणि ऊस साखर कारखान्याकडे नेणाऱ्या छोट्या रुळांवरच्या गाड्या दिसतात. राजांची दरी मात्र धक्क्यापासून १० किलोमीटरच्या आसपास आहे आणि शेवटचा टप्पा चढाचा आहे. तिथे सायकलीचा हट्ट थंडीतच धरावा.

कामाच्या जवळ मुक्काम करण्याची ही युक्ती इथल्या कबरी खोदणाऱ्यांनी सव्वातीन हजार वर्षांपूर्वीच अमलात आणली होती. डेर अल-मदिना हे त्या कारागिरांचं गाव. त्यांचा आठवडा १० दिवसांचा असे. कामाच्या दिवसांत रोज डोंगर चढून-उतरून घरी येण्याऐवजी ते खिंडीत बांधलेल्या दगडी झोपड्यांत झोपत आणि सुट्टीला गावात परतत. त्या झोपड्यांचे अवशेष आजही पायवाटेवर आहेत. चुनखडीच्या कपच्यांवर त्यांनी हजेऱ्या, उसनवाऱ्या आणि भांडणं लिहून ठेवली. तिसऱ्या रामसेसच्या कारकिर्दीच्या २९व्या वर्षी धान्याचा वाटा थकला तेव्हा त्यांनी काम थांबवून मंदिरांपाशी ठिय्या दिला. लेखी नोंद असलेला हा जगातला सर्वांत जुना संप मानला जातो. गावाच्या घरांचे पाये गुडघाभर उंचीचे शिल्लक आहेत. एकेक घर किती चिंचोळं होतं, हे त्यांच्यामधून चालताना कळतं. राजांच्या दरीइतकी गर्दी इथे कधीच नसते, पण ज्याला माणसं समजून घ्यायची आहेत त्याने हे चुकवू नये.

पश्चिम तीरावरच्या बऱ्याच छोट्या अतिथीगृहांची बांधणी मातीच्या विटांची, घुमटाच्या किंवा कमानीच्या छताची आहे. ही शैली जगभर नावाजली ती हसन फती या इजिप्शियन वास्तुकारामुळे. १९४० च्या दशकात, कबरींवर वसलेल्या कुर्ना गावाचं स्थलांतर करण्यासाठी त्यांनी ‘न्यू गुर्ना’ ही वस्ती मातीच्या विटांत उभारली. गावकऱ्यांनी तिथे जायला नकार दिला, प्रकल्प अर्धवट राहिला. जाड मातीची भिंत दिवसाची उष्णता हळूहळू शोषते आणि खोलीपर्यंत पोचू देत नाही, हे शहाणपण मात्र टिकलं. लक्सरला जुलैत सरासरी कमाल तापमान ४१ अंश असतं आणि पाऊस जवळजवळ पडतच नाही. सिमेंटच्या इमारतीत सर्वांत वरच्या मजल्यावरची, पश्चिमेकडे तोंड असलेली स्वस्त खोली अशा दिवसांत रात्री ११ लाही तापलेली राहते. उलट जानेवारीत रात्री पारा ५-६ अंशांपर्यंत उतरतो आणि स्वस्त खोलीत हीटर क्वचितच असतो.

म्हणून बुकिंगआधी हॉटेलला साधा संदेश पाठवून विचारावं. खोली कुठल्या मजल्यावर, कुठल्या दिशेला? एसी त्या खोलीतच आहे ना आणि त्याचे वेगळे पैसे आहेत का? थंडीत गरम पाणी सकाळी ५ ला येतं का? वीज गेली तर जनरेटर आहे का? २०२३ आणि २०२४ च्या उन्हाळ्यांत देशभर आळीपाळीने वीजकपात झाली होती. शेतांजवळच्या खोलीच्या खिडकीला डासांची जाळी हवी. मशिदीच्या भोंग्याजवळच्या खोलीत पहाटेची अजान झोपमोड करते, पण ६ ला दरीत पोचायचं असेल त्याला ती उपयोगीच पडते. उत्तर किती लवकर आणि किती नेमकं येतं, यावरूनही हॉटेलचा कारभार ओळखता येतो. परीक्षणं वाचताना गेल्या तीन-चार महिन्यांतलीच वाचावीत, कारण मालक किंवा व्यवस्थापक बदलला की अशी छोटी जागा पार पालटून जाते.

हिशेबाचं काय? मार्च २०२४ मध्ये इजिप्तने चलन बाजारावर सोडलं आणि डॉलरला ३१ च्या आसपास असलेला पौंड घसरून ५० च्या घरात गेला. रुपयात खर्च करणाऱ्यालाही जेवण, फेरी, साधी खोली स्वस्त झाली. पण दर पौंडात आहे की डॉलरमध्ये, हे बघावंच लागतं. काही हॉटेलांच्या दरात १४ टक्के व्हॅट आणि सेवाशुल्क धरलेलं नसतं, ते शेवटी बिलात येतं आणि एकूण रक्कम सुमारे चौथ्या हिश्श्याने फुगते. ‘सगळे कर धरून किती?’ हा प्रश्न लेखी विचारून उत्तर जपून ठेवावं.

खरा खर्च तिकिटांचा आहे. राजांच्या दरीच्या साध्या तिकिटावर तीन कबरी पाहता येतात. तुतनखामुनची (हॉवर्ड कार्टर यांच्या चमूला ती नोव्हेंबर १९२२ मध्ये सापडली) आणि पहिल्या सेतीची वेगळी तिकिटं आहेत. सेतीच्या कबरीचं तिकीट साध्या खोलीच्या एका रात्रीहून महाग पडतं. महाग असण्याला कारण आहे. पाहुण्यांचा श्वास आणि घाम यांनी भुयारातली आर्द्रता वाढते, रंग आणि गिलावा सुटू लागतो, म्हणून गर्दी आवरावी लागते. तरीही कुठे काटकसर करायची हे विचारलं तर उत्तर सोपं आहे: एक तारा कमी घ्यावा आणि सेती पाहावा. १८१७ मध्ये बेल्झोनी या इटालियन शोधप्रवाशाने उघडलेली ही कबर डोंगरात शंभर मीटरहून अधिक खोल उतरते. तळाच्या कमानदार छतावर निळ्या पार्श्वभूमीवर नक्षत्रांच्या आकृत्या काढल्या आहेत. त्या एका छतासाठी साध्या खोलीत राहणं परवडतं. बहुतेक मोठ्या स्थळांवर आता तिकिटाचे पैसे कार्डाने घेतात, तेव्हा परदेशात चालणारं कार्ड सुरू करून न्यावं. वैध ओळखपत्र असलेल्या विद्यार्थ्याला तिकीट अर्ध्या दरात मिळतं. मेदिनेत हाबू, रामेसियम, डेर अल-मदिना यांची तिकिटं मेम्नॉनच्या पुतळ्यांजवळच्या मुख्य तिकीट कार्यालयात घ्यावी लागतात. थेट दाराशी गेलं तर परत फिरावं लागतं.

शाकाहारी माणसाची इथे उपासमार होत नाही, हे सांगायला हवं, कारण ती चिंता मराठी घरांत हमखास असते. नाश्त्याला फूल म्हणजे मंद शिजवलेला घेवड्याच्या जातीचा बाकला, त्याच डाळीचे तळलेले तामिया वडे, कोंड्याची गरम रोटी, पांढरं चीज, काकडी-टोमॅटो. दुपारी कोशरी: भात, मसूर, मॅकरोनी, छोले, वर टोमॅटोचा आंबट रस्सा आणि कुरकुरीत तळलेला कांदा. पोट भरतं आणि खिशाला जाणवत नाही. बहुतेक छोट्या हॉटेलांच्या दरात नाश्ता धरलेला असतो. पहाटे निघायचं असेल तर आदल्या रात्री सांगितलं की डबा बांधून देतात.

ऑक्टोबर ते एप्रिल हा हंगाम. ख्रिसमस आणि नववर्षाचे दिवस टाळले तर नोव्हेंबर आणि फेब्रुवारीत हवा आणि दर दोन्ही जमतात. अलीकडे रमजान हंगामातच, फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास येतो. त्या काळात स्थळं लवकर बंद होतात, दिवसा खानावळी कमी उघड्या असतात, पण संध्याकाळी रस्ते फुललेले असतात. मुंबईहून कैरोला थेट विमान आहे, पुढे लक्सरला विमानाने तासभर किंवा रेल्वेने ९-१० तास. व्हिसाचे नियम बदलत राहतात, मुंबईतल्या इजिप्तच्या वाणिज्य दूतावासाकडून खात्री करूनच खोलीचे पैसे भरावेत, आणि शक्यतो रद्द करता येणारं बुकिंग घ्यावं.

चार रात्री हाताशी असतील तर तीन पश्चिमेला आणि शेवटची पूर्वेला, ही वाटणी उत्तम बसते. शेवटच्या दिवशी सामान फेरीतून अलीकडे आणावं, सकाळी कर्नाकमधला १३४ खांबांचा सभामंडप पाहावा आणि संध्याकाळी लक्सर मंदिरात जावं. तिथे अंगणाच्या भिंतीवर अबू अल-हग्गाग यांची मशीद आहे आणि तिचा जुना दरवाजा जमिनीपासून कितीतरी वर, अधांतरी लटकल्यासारखा दिसतो. मशीद बांधली तेव्हा मंदिर वाळू आणि घरांखाली बुडालेलं होतं, दरवाजा त्या वेळच्या जमिनीच्या पातळीवर होता. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मंदिर मोकळं करायला सुरुवात झाली. त्याआधी या अवशेषांवरच एक घर उभं होतं. क्षयाने आजारी असलेली इंग्रज लेखिका ल्युसी डफ गॉर्डन कोरड्या हवेसाठी १८६० च्या दशकात त्यात राहिली, आणि तिथूनच तिने गावकऱ्यांविषयी लिहिलेली पत्रं लंडनमध्ये छापली गेली. मंदिर रात्रीपर्यंत खुलं असतं, आणि तिथून स्टेशन रोडने रेल्वे स्टेशन चालत पंधरा-वीस मिनिटांवर आहे.