अर्धरथी कर्ण आणि बरोबरीचा सामना : भूमिकाखेळांतील पातळी व युद्धबल

१

उद्योगपर्वाच्या अखेरच्या भागात 'रथातिरथसंख्यान' नावाचे उपपर्व येते. युद्धाला तोंड लागण्यापूर्वी दुर्योधन दोन्ही सैन्यांतील वीरांची योग्यता विचारतो आणि भीष्म एकेकाची प्रत सांगत जातात : हा रथी, हा अतिरथी, हा महारथी. भीमसेन एकटाच आठ रथींच्या तोलाचा. अश्वत्थाम्याचे सामर्थ्य मोठे, परंतु त्याला जिवाचा लोभ फार. म्हणून त्याला रथी वा अतिरथी यांपैकी कोणत्याच रांगेत बसवावयास भीष्म तयार नाहीत. कर्णाची पाळी येते तेव्हा कवचकुंडले गेलेला आणि परशुरामांचा शाप लागलेला हा वीर 'अर्धरथी' होय, असा निवाडा ते देतात. द्रोण त्याला दुजोरा देतात. अपमानित कर्ण, भीष्म जिवंत असेतोवर आपण लढणार नाही, असे जाहीर करतो. कौरवांना पहिले दहा दिवस कर्णावाचून लढावे लागले, ते या एका शब्दामुळे.

योद्ध्याचे बल एखाद्या अंकात किंवा श्रेणीत बांधता येते काय, आणि तसे बांधल्याने सामना बरोबरीचा होतो काय, असा प्रश्न या प्रसंगातून उद्भवतो. गेल्या अर्धशतकात हाच प्रश्न एका अगदी निराळ्या क्षेत्रात बारकाईने अभ्यासला गेला आहे. ते क्षेत्र म्हणजे मेजाभोवती बसून खेळावयाचे भूमिकाखेळ. तेथे हाती आलेली उत्तरे आपल्या आख्यानवाङ्मयाच्या वाचनाला कितपत उपयोगी पडतात, हे पाहण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

२

गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी अमेरिकेत १९७४ मध्ये प्रसिद्ध केलेला 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा या प्रकाराचा आद्य नमुना. चारपाच गडी एकत्र बसतात आणि प्रत्येक जण एका कल्पित पात्राची भूमिका घेतो : कोणी योद्धा, कोणी मांत्रिक, कोणी धर्मोपासक. एक जण सूत्रधार होतो. तो प्रसंग उभा करतो, शत्रू योजतो आणि निवाडा देतो. आपले पात्र काय करीत आहे हे खेळाडू बोलून सांगतो, आणि घाव लागला की हुकला हे वीस पृष्ठांचा फासा ठरवितो. पराक्रमाबद्दल पात्राला अनुभवगुण मिळतात. ते पुरेसे साठले की पात्र एक पातळी वर चढते.

पातळीगणिक सर्व पात्रांचे बल सारख्याच रीतीने वाढते असे मात्र नाही. पहिल्या पातळीवरील मांत्रिकापाशी दिवसाकाठी एकच मंत्र असे. त्याचे रक्षण करण्यासाठी योद्ध्याला पुढे उभे राहावे लागे. पुढे मात्र योद्ध्याचे बल पायरीपायरीने वाढते, तर मांत्रिकाच्या मंत्रांची संख्याही वाढते आणि एकेका मंत्राची शक्तीही. म्हणजे तेथे वाढीला वाढीने गुणले जाते. मूळ नियमांत दुसरी पातळी गाठण्यास योद्ध्याला २,००० आणि मांत्रिकाला २,५०० अनुभवगुण लागत. ही फेड पुरेशी नव्हती. वरच्या पातळीवर योद्ध्याची भूमिका घेतलेला मनुष्य मेजाशी बसलेला असे, परंतु कथेत त्याला करण्याजोगे फारसे उरत नसे. समतोलाच्या चर्चेचे खरे मर्म येथे आहे. या खेळात गडी एकमेकांविरुद्ध जिंकत नाहीत. त्यामुळे दुर्बळ पात्राचे नुकसान पराभवाचे नसते, कथेतील वाटा गमावण्याचे असते.

३

दुसरी अडचण पातळ्यांतील अंतराची. २००० साली आलेल्या तिसऱ्या आवृत्तीत योद्ध्याच्या प्रहारकौशल्याचा अंक दर पातळीला एकाने वाढत असे : पहिल्या पातळीवर १, तर विसाव्या पातळीवर २०. वरच्या पातळीवरील वीराचे संरक्षणही चढत जाई. परिणामी प्राथमिक पातळीवरील सैनिकाला अशा वीरावर घाव घालावयाचा, तर बहुधा फाशावर २० च पडावे लागत. म्हणजे वीस प्रहारांत सरासरी एक.

२०१४ च्या पाचव्या आवृत्तीने ही शिडी मुद्दाम बुटकी केली. कौशल्याचा अंक पहिल्या पातळीवर २ आणि सतराव्या पातळीपासून पुढे ६ एवढाच ठेवला. वरच्या पातळीवरील पात्राची प्राणशक्ती अधिक, त्याचे घाव अधिक भारी. पण सामान्य सैनिकाचा बाण त्याला लागूच शकत नाही, अशी स्थिती उरली नाही. दहावीस सामान्य सैनिक एकत्र आले तर श्रेष्ठ वीरालाही त्यांची गणना करावी लागते.

४

श्रेणी कायम ठेवून खालच्यांचे मोल राखण्याची आणखी एक युक्ती मराठी मुलखाला जुनी परिचयाची आहे. सावंतवाडीचा दशावतारी गंजिफा हे तिचे उदाहरण. १९७० नंतरच्या काळात शिवरामराजे भोसले आणि राणी सत्वशीलादेवी यांच्या प्रयत्नांनी तेथील गंजिफांच्या चित्रकलेला नवे जीवन मिळाले. या डावात १२० गोल पत्ते असतात : दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकाचे १२ पत्ते. राजा आणि प्रधान हे दोघे प्रत्येक रंगात वरचे. त्यांच्याखालील दहा पत्त्यांचा क्रम मात्र सर्वत्र एक नाही. मत्स्यापासून वामनापर्यंतच्या पाच रंगांत दश्शी श्रेष्ठ आणि एक्का कनिष्ठ. परशुरामापासून कल्कीपर्यंतच्या पाच रंगांत एक्का श्रेष्ठ आणि दश्शी कनिष्ठ. दिवसा खेळताना रामाचा मान पहिला, रात्री कृष्णाचा.

या रचनेतील गणित लक्षात घेण्यासारखे आहे. कोणत्याही आकड्याचा दहा पत्त्यांतील एका गटातला क्रम आणि दुसऱ्या गटातला क्रम यांची बेरीज ११ च येते. एक्का मत्स्यात दहावा, तर रामात पहिला. चव्वी एकीकडे सातवी, तर दुसरीकडे चौथी. सर्व रंग मिळून पाहता कोणताही आकडा जात्या बलवान वा दुर्बळ राहत नाही. त्याचे बल तो कोणाच्या रंगात उभा आहे यावर ठरते. राजा-प्रधानांचे स्थान अढळ ठेवून ही योजना रयतेपुरती उतरंड उलटी करते. भूमिकाखेळांचे रचनाकारही पुढे अशाच मार्गाने गेले : एका प्रसंगी तलवार निरुपयोगी, दुसऱ्या प्रसंगी मंत्र निष्प्रभ, अशी योजना करून पात्रांचे मोल त्यांनी प्रसंगावर अवलंबून ठेवले.

५

यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. पातळी हा व्यक्तीचा गुण असला, तरी समतोल हा गाठीचा गुण आहे. महाभारतालाही हे ठाऊक होते. भीष्मपर्वाच्या आरंभी दोन्ही पक्ष जे नियम ठरवितात, ते गाठींचे नियम आहेत : रथीने रथीशी लढावे, गजारूढाने गजारूढाशी, स्वाराने स्वाराशी, पायदळाने पायदळाशी, दुसऱ्याशी गुंतलेल्यावर आणि निःशस्त्रावर प्रहार करू नये.

हा नियम कसा मोडतो, ते द्रोणपर्वात तेराव्या दिवशी दिसते. चक्रव्यूहात अभिमन्यू शिरतो, जयद्रथ त्याच्यामागून येणाऱ्या पांडवांना अडवितो, आणि सहा महारथी त्या कोवळ्या वीराला घेरतात. त्यांपैकी एकेकाला अभिमन्यूने आधी मागे हटविलेले असते. एकास एक या हिशेबाने तो कमी नव्हता; मग काय बदलले? २०१४ च्या आवृत्तीतील एक नियम येथे उद्‌बोधक आहे. शत्रू एकाहून अधिक असतील, तर त्यांच्या गुणांची नुसती बेरीज करून सूत्रधाराला थांबता येत नसे. तीन ते सहा शत्रूंसाठी ती बेरीज दुप्पट धरावी लागे. प्रत्येकी १०० गुणांच्या सहा शत्रूंची गाठ ६०० ची नव्हे, १,२०० ची मानली जाई. कारण उघड आहे : एकट्याच्या एका कृतीला सहा कृतींचे उत्तर मिळते. २०२४ च्या सुधारित आवृत्तीने हा गुणक काढून टाकला, पण त्यामागील तत्त्व खोटे ठरत नाही. एकाने धनुष्य तोडावे, दुसऱ्याने घोडे मारावेत, तिसऱ्याने सारथी. द्रोणपर्वातील वर्णन नेमके याच क्रमाचे महत्त्व जाणते.

६

तथापि खेळ आणि काव्य यांचे प्रयोजन एक नव्हे. खेळाच्या सूत्रधाराकडून विषम गाठ नकळत घडली तर तो दोष. महाभारतकाराने ती जाणून घडविली आहे, आणि अभिमन्यूचा शोक त्या विषमतेतूनच उत्पन्न होतो. मोरोपंतांच्या आर्याभारतापासून शिवाजी सावंतांच्या 'मृत्युंजय' (१९६७) पर्यंत मराठी वाचक या वीरांकडे पुनःपुन्हा वळतो, तो त्यांची श्रेणी मोजण्यासाठी नव्हे, त्यांच्या वाट्याला आलेल्या गाठी न्यायाच्या होत्या काय, हे तपासण्यासाठी. म्हणून आख्यानांतील युद्धवर्णने वाचताना 'कोण श्रेष्ठ' या प्रश्नाबरोबर 'कोणाशी, कितीजणांशी आणि कोणत्या अटींवर' हे प्रश्नही विचारले जावेत. भीष्मांची गणना कदाचित अचूक असेल. कवचकुंडलांवाचूनचा कर्ण पूर्वीचा नव्हता, हे खरेच. परंतु त्या गणनेने स्वपक्षाचा एक वीर दहा दिवस कथेबाहेर बसविला, आणि ही हानी त्यांच्या गणनेत कोठेच धरलेली नव्हती.