खाऱ्या वाऱ्यात सांधा किती तापतो?

मालवण, वायरी, तारकर्ली, देवबाग या पट्ट्यात खाऱ्या वाऱ्याने तांब्याच्या तारेवर हिरवट थर चढतो आणि सॉकेटमधली पकड बिघडते. दोन हजार वॅटचा गिझर सुरू असताना अशा एका सांध्यावर ४ व्होल्ट पडतात आणि करंट ८.५ अँपिअर आहे, असे धरू. व्होल्टला अँपिअरने भागले की रोध मिळतो: ०.४७ ओहम. दोन्ही गुणले की शक्ती: ३४ वॅट. आकडा किरकोळ वाटतो, पण एवढ्यावर सोल्डरिंग आयर्न कथील वितळवते. इथे ती सगळी उष्णता सॉकेटच्या प्लास्टिकमध्ये कोंडते.

दाब २३० वरून १८० व्होल्टवर आला, की हाच गिझर जेमतेम १,२२५ वॅट देतो. पाणी उशिरा तापते, त्यात गिझरचा दोष नाही. मोटरचे मात्र उलट. दाब उतरला तर भाराखालची मोटर जास्त करंट ओढते. माडांच्या बागेतले पंप असेही जळतात.

चालू वायरिंगवर मोजमाप घरच्यांनी करू नये. सॉकेट हाताला गरम लागले किंवा जळका वास आला, तर मेन स्विच बंद करा आणि परवानाधारक वायरमनला बोलवा.